अफझलखान-प्रकरणांतील शब्दभेद

ता. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफझलखान मारला गेला, याविषयीं वाद नाहीं. पहिला वार कोणाचा, येथें मात्र साधनांत मतभेद आहे. सभासद हा महाराजांच्या पदरचा. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून त्यानें बखर लिहिली, व तींत खानाचा हात आधीं उठतो. कवींद्र परमानंदाच्या संस्कृत ‘शिवभारता’ची मांडणी काशीच्या पंडितांस कथा सांगावी अशी आहे, तेथेंही पहिला वार खानाचाच. मोगलांकडील फारसी इतिहासकार खाफीखान, प्रसंगानंतर अर्धशतकाहून अधिक काळानें लिहितांना, तो वार महाराजांकडे देतो.

बाजूप्रमाणें शब्दही पालटतो. ‘वध’ म्हणतांच संस्कृतज्ञास कंसवध, शिशुपालवध आठवतात आणि मरणारा आधींच अपराधी ठरतो. ‘दगा’ म्हटलें कीं मारणारा विश्वासघातकी ठरतो. दोन्ही शब्द हकीकत सांगण्यापूर्वींच निवाडा देऊन मोकळे होतात.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, जुन्या पोथीची नक्कल करतांना खटकलेला शब्द ‘शुद्ध’ करूं नये. मूळ शब्द जसाच्या तसा ठेवून आपलें मत समासांत नोंदवावें. चुकलेली मिति दुसऱ्या कागदावरून सुधारतां येते; परंतु लेखक कोणत्या बाजूस उभा होता हें दाखविणारा शब्द एकदां पुसला गेला, तर तो परत मिळविण्याचें साधन आम्हांस ठाऊक नाहीं.