हौदातला पाहुणा

निर्गुडेकाठच्या वणीभोवती कोळशाच्या खुल्या खाणी. पावसाळ्यात खड्डे भरले, की डासांचे फावते. अशा वेळी आरोग्य खात्याची भिस्त असते ती गप्पी माशावर. नर जेमतेम बोटाच्या पेराएवढा, मादी थोडी मोठी. पण डासांच्या अळ्या मटकावण्यात दोघेही पटाईत! हा मूळचा त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचा. त्रिनिदादच्या गप्पी नावाच्या गृहस्थांनी त्याचे नमुने लंडनच्या संग्रहालयाला धाडले, १८६६ मध्ये त्यांचेच नाव माशाला मिळाले. (आपल्या गप्पांशी संबंध नाही!) भारतात तो विसाव्या शतकाच्या आरंभी आला.

गप्पीची मादी अंडी घालत नाही. महिन्याभराने थेट पोहती पिल्ले देते. नराशी एकदा गाठ पडली, की पुढे कित्येक महिने तिचे विणे चालूच. भूक लागली तर स्वतःची पिल्लेही गिळते.

घाण पाणीही त्याला मानवते, आणि धोका इथेच आहे. नाल्यातून नदीत उतरला, की तो देशी माशांची अंडी-पिल्ले फस्त करू लागतो. अळ्या खाणारे, डोक्यावर रुपेरी ठिपका मिरवणारे छोटे मासे आपल्याकडेही आहेतच की! तेव्हा गप्पी हौदात, टाक्यात जरूर सोडावा, निर्गुडेत नको. घरचा रांजण मात्र आठवड्यातून एकदा घासून कोरडाच करायचा, तिथे माशाचे काम नाही.