थडग्यावरचं साल आणि डबीचा पत्ता

मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगम गावात ‘ओल्ड शिप चर्च’ नावाची लाकडी इमारत आहे. १६८१ साली बांधलेली, आणि अजूनही प्रार्थनेसाठी वापरात असलेली. आत उभं राहून वर पाहिलं की छताची लाकडं उलट्या ठेवलेल्या जहाजासारखी दिसतात. गाव वसवणाऱ्यांपैकी बरेच जण इंग्लंडमधल्या नॉरफक परगण्यातल्या हिंगम नावाच्याच खेड्यातून आले होते. अब्राहम लिंकनचा पूर्वज सॅम्युअल लिंकन हा त्यांच्यातलाच, १६३७ मध्ये आलेला.

न्यू इंग्लंडमध्ये अशी चर्चं गावोगावी आहेत. चर्च, समोर हिरवळ, शेजारी जुनी दफनभूमी. जिओकॅशिंग खेळणाऱ्यांना ही जागा फार आवडते. इंग्लंडमध्ये तर खेड्यातल्या चर्चभोवती लपवलेल्या डब्यांची ‘चर्च मायक्रो’ नावाची एक मालिकाच आहे, हजारो डब्यांची.

खेळ साधा आहे. कुणीतरी डबी लपवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. तुम्ही फोन घेऊन जायचं, डबी शोधायची, आतल्या कागदावर सही करायची आणि होती तशी परत ठेवायची. याची सुरुवात अमेरिकी सरकारच्या एका निर्णयातून झाली. तोवर नागरी जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घोळ घातला जायचा, त्यामुळे जागा शंभरेक मीटरने चुकायची. १ मे २००० च्या मध्यरात्री (हो, आपल्या महाराष्ट्र दिनी) तो घोळ बंद केला गेला. दोनच दिवसांनी, ३ मेला, डेव्ह अल्मर यांनी ओरेगनमध्ये एक बादली लपवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले.

चर्चजवळची डबी मात्र सहसा थेट सापडत नाही. पत्ता ४२ अंश १४.५कख मिनिटं असा अर्धवट दिलेला असतो. ‘क’ म्हणजे अमुक थडग्यावरच्या सालाचा शेवटचा अंक, ‘ख’ म्हणजे बाकावरच्या पाटीतले शब्द मोजायचे, असं काहीतरी. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ मीटर. तेव्हा ‘ख’ एकाने चुकला तर दोन पावलांचा फरक, पण ‘क’ चुकला तर साडेअठरा मीटरचा. त्यात फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही पाचेक मीटर इकडेतिकडे असतो आणि दगडी भिंतीजवळ किंवा दाट झाडांखाली आणखी बिघडतो. शेवटी डोळ्यांनीच शोधावं लागतं.

आता साल वाचणं. हे दगड बहुतेक स्लेटचे, वर पंख असलेली कवटी कोरलेली. काहींवर १७२२/३ असं दुहेरी साल दिसतं. ही कोरणाऱ्याची चूक नाही. १७५२ पर्यंत इंग्लंडचं आणि त्याच्या वसाहतींचं अधिकृत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे आपण ज्याला फेब्रुवारी १७२३ म्हणू, तो त्यांच्या हिशेबात अजून १७२२ चाच फेब्रुवारी. युरोपातले बरेच देश मात्र १ जानेवारीपासून मोजत, म्हणून दोन्ही आकडे कोरले जात. जुन्या देवळातला शिलालेख वाचताना आपण शकात ७८ मिळवतो, आणि पौष-माघ असेल तर ७९. भानगड साधारण त्याच जातीची.

मी इथेच फसलो. गेल्या शरदात एका गावात (हिंगम नव्हे) दुहेरी सालातला पहिला अंक धरला आणि चर्चमागच्या भिंतीशी गुडघ्यांवर बसून टॉर्चने फटी तपासत बसलो. दहा मिनिटांत पोलिसांची गाडी आली. अधिकारी सभ्यपणे बोलला. काय शोधतोयस, कुठे राहतोस, लायसन्स दाखव. मी अॅप दाखवलं आणि तो गेला. माझा लॅबमधला गोरा मित्र हा खेळ बारा वर्षं खेळतोय. त्याला आजवर एकदाही कुणी हटकलेलं नाही. न खेळणाऱ्यांना खेळाडू गमतीने ‘मगल’ म्हणतात आणि त्यांच्या नकळत डबी शोधणं हा खेळाचा भाग मानतात. आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाने संध्याकाळच्या वेळी चर्चच्या आवारात असं चोरून वावरणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. मी आता दिवसाउजेडी जातो आणि कुणी दिसलं की आपणहून सांगतो.

पण गावकऱ्यांची शंका उगाच असते असंही नाही. थडगी ही कुणाच्या तरी पूर्वजांची असतात. २००५ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या प्रतिनिधिगृहाने दफनभूमी आणि ऐतिहासिक जागांवर या खेळाला बंदी घालणारं विधेयक मंजूर केलं होतं. पुढे त्याचा कायदा झाला नाही. खेळाचे नियमही सांगतात की जागामालकाची परवानगी हवी आणि डबीसाठी जमीन खणायची नाही. मला त्यातल्या त्यात पटते ती इंग्लंडमधली रीत: आकडे चर्चच्या आवारात वाचायचे आणि डबी दूर, एखाद्या गल्लीत किंवा कुंपणाशी. दफनभूमीत मग तुम्ही फक्त वाचायला थांबता.

वाचतानाही दगड घासू नका. त्यावरचं दगडफूल, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचं भावंडच, खरवडलं की स्लेटचे पापुद्रे निघतात. खडू किंवा शेव्हिंग क्रीम तर अजिबात लावू नका. फोनचा टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर धरला की पुसट अक्षरंही सावलीमुळे उठून दिसतात.

पुढच्या रविवारी मी दुसरा अंक घेऊन परत गेलो. डबी रस्त्यापलीकडे, एका कुंपणाच्या खांबामागे होती.