मॅग्नीज की मँगनीज? चूक इटलीतली

तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून निघणाऱ्या काळ्या खनिजाला भंडाऱ्यात सर्रास ‘मॅग्नीज’ म्हणतात. बातम्यांतही अनेकदा तसेच छापून येते. इंग्रजी शब्द ‘मँगनीज’ असल्यामुळे शिकलेली माणसे या उच्चाराला अशुद्ध ठरवतात. पण शब्दाचा माग काढत गेले की हा ठपका भंडाऱ्यावर टिकत नाही. इंग्रजीत तो फ्रेंचमार्गे इटालियनमधून आला, आणि इटालियन ‘मांगानेझे’ हे मध्ययुगीन लॅटिन ‘मॅग्नेशिया’चे बिघडलेले रूप. मुळात ‘न’ फक्त ‘ग’नंतर होता, इटालियनांच्या तोंडी तो ‘ग’च्या आधीही येऊन बसला.

दगडांच्या ओळखीतला गोंधळ तर त्याहून जुना. लॅटिनमध्ये ‘माग्नेस’ म्हणजे लोहचुंबक. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने त्यात नर आणि मादी असे भेद सांगितले आणि काच करताना माग्नेस घालतात, असेही लिहिले. वाळूतल्या लोहामुळे काचेवर येणारी हिरवट झाक घालवतो तो मँगनीज डायऑक्साइड, चुंबक नव्हे. म्हणजे दोन काळे दगड एकाच नावाखाली वावरत होते. पुढे काळा मॅग्नेशिया आणि पांढरा मॅग्नेशिया असा फरक करावा लागला. काळ्यातून 1774 मध्ये स्वीडनच्या गाहनने धातू वेगळा केला, तो मँगनीज. पांढऱ्यातला धातू 1808 मध्ये इंग्लंडच्या डेव्हीने मिळवला, तो मॅग्नेशियम. रसायनशास्त्राच्या तक्त्यात आज शेजारी नसलेली ही दोन मूलद्रव्ये नावाने सख्खी भावंडे आहेत.

कोणी म्हणेल, मग मूळ ग्रीकच धरा, कारण मॅग्नेशिया हे ग्रीक मुलखाचे नाव. उगमापुरते ते मान्य. पण काळ्या खनिजाला चिकटून ते नाव कारागिरांत आणि किमयागारांत फिरले ते लॅटिनमधून, आणि इंग्रजीने उचलले तेही त्याच वाटेवरून. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भंडाऱ्याचा उच्चार लॅटिनच्या जवळ जातो, तो निव्वळ योगायोग. खरेच आहे. तुमसरच्या खाणकामगाराने लॅटिन जपली, असा दावा कोणी करू नये. शब्दाचे नाते कानाला सारख्या वाटणाऱ्या आवाजावरून नव्हे, तर लेखी टप्प्यांवरून ठरते. पण तीच कसोटी ‘मँगनीज’ला लावली, तर तोही घसरलेलाच उच्चार निघतो, फक्त त्याला ग्रंथांची मान्यता मिळाली. म्हणून शिक्षकांना एवढीच विनंती: परीक्षेसाठी ‘मँगनीज’ जरूर शिकवा, पण ‘मॅग्नीज’ म्हणणाऱ्या मुलाला अडाणी ठरवू नका.