डब्लिनमधल्या बेवलीजच्या खिडक्या

आयर्लंड म्हटलं की लोकांना किल्ले आणि मठ आठवतात. मला तिथली विसाव्या शतकाच्या सुरुवातीची दुकानं, कॅफे आणि थिएटरं जास्त भुरळ घालतात.

डब्लिनच्या ग्राफ्टन स्ट्रीटवरचं बेवलीज कॅफे बघा. 1927 साली सुरू झालं. 1922 मध्ये तूतनखामेनची कबर सापडल्यावर जगभर इजिप्तचं वेड पसरलं होतं. त्याची छाप या इमारतीच्या दर्शनी भागावरच्या रंगीत मोझेकमध्ये स्पष्ट दिसते. पण खरा खजिना आत आहे. हॅरी क्लार्क या आयरिश कलावंताने केलेल्या रंगीत काचेच्या खिडक्या! त्यातल्या चार खिडक्यांमध्ये डोरिक, आयोनिक, कोरिंथियन आणि कॉम्पोझिट हे अभिजात स्थापत्यातले चार स्तंभप्रकार आहेत. त्या खांबांभोवती फुलं, पक्षी आणि फुलपाखरं. चर्चच्या काचा घडवणारा हा माणूस चहा-कॉफीच्या जागेसाठी तितकाच जीव ओतून काम करतो, याचं मला फार कौतुक वाटतं. 1931 मध्ये, अवघ्या 41व्या वर्षी तो गेला.

ओकॉनेल स्ट्रीटवरचं क्लेरीज हे मोठं डिपार्टमेंट स्टोअर ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या 1916च्या उठावात जळून खाक झालं आणि 1922 मध्ये नव्या भव्य इमारतीत पुन्हा उघडलं. मेरी स्ट्रीटवर 1909 साली व्होल्टा हे सिनेमागृह सुरू झालं, त्यामागे चक्क लेखक जेम्स जॉइस होता.

डब्लिनला जाणार असाल, तर बेवलीजला दिवसाउजेडी जा. काचांचे रंग तेव्हाच खुलतात.