सगळ्या डोंगरांना एकच जोडी

तळोद्यात राहणाऱ्या माणसाने बर्फावर घसरायच्या फळ्यांविषयी लिहावे, यात थोडा आगाऊपणा आहेच. आमच्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तिचे नुसते दर्शनही सुखावते. सातपुडा दाराशी उभा आहे, पण त्याच्या अंगावर बर्फाची शाल कधी पडत नाही. तरीही हा विषय मला परका वाटला नाही. त्याचे श्रेय आमच्या गावच्या बैलगाड्यांना द्यावे लागेल.

इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये तळोद्याची ओळख खानदेशातली इमारती लाकडाची मोठी पेठ अशी आहे. खानदेशी बनावटीच्या उत्तम बैलगाड्या इथे तयार होतात आणि एकीला सुमारे ४० रुपये पडतात, असेही त्यात नोंदले आहे. बँकेच्या नोकरीत बैलगाडीसाठीचे कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावरून पुष्कळ गेले. जाणता शेतकरी किमतीची घासाघीस नंतर करी. त्याचा पहिला प्रश्न असे, ‘काळ्या रानात कशी चालेल, आणि खडकाळ वाटेवर कशी?’ लोखंडी धाव बसवलेले अरुंद चाक कडक रस्त्यावर हलके चाले, पण पावसाळी चिखलात रुते. रुंद रबरी टायर रुतत नसे, पण बाभळीचा काटा त्याचा वैरी. दोन गाड्या ठेवण्याची ऐपत कोणाची होती? मग दोन्हीकडे बऱ्यापैकी चालेल अशी एक गाडी निवडायची.

स्कीच्या दुनियेतला ‘ऑल-माउंटन’ हा प्रकार म्हणजे हीच निवड. भुसभुशीत ताजा बर्फ, यंत्राने सपाट केलेली वाट, रात्रीत गोठलेला काचेसारखा टणक थर, दुपारच्या उन्हात पाणावलेला लगदा, आणि शेकडो लोकांच्या वळणांनी तयार झालेले उंचवटे. या सगळ्यांवर एकाच जोडीने निभावून न्यायचे.

फेब्रुवारी २०२४मध्ये मी आणि सौभाग्यवती मुलाकडे डेन्व्हरला होतो, तेव्हा हा प्रश्न आमच्या घरात येऊन ठेपला. नात सतरा वर्षांची. आदल्या हिवाळ्यात टणक उतारावर पडून तिच्या गुडघ्याचा लिगामेंट दुखावला होता. शस्त्रक्रिया टळली, पण सगळा हंगाम खिडकीतून डोंगर पाहण्यात गेला. आता डॉक्टरांनी परवानगी दिली होती आणि घरात दोन तट पडले होते. सूनबाईंचे म्हणणे, खेळ पुरे झाला. मुलाचे म्हणणे, जाऊ दे, पण दर वेळी भाड्याची वेगवेगळी जोडी नको. तिला मानवेल अशी एक विकत घेऊ. नात माझ्याकडे वळून म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही बँकेत लोकांच्या म्हशी आणि मोटारपंप तपासून कर्ज देत होतात ना? मग हेही तपासा.’

तपासायचे तर माल समजून घ्यायला हवा. स्की वरून पाहिली तर टोकाला आणि शेपटीला रुंद, मध्ये कंबरेसारखी अरुंद असते. ती एका कडेवर कलवली की हा बाक बर्फाला भिडतो आणि स्की आपोआप वळण घेते. नॉर्वेतल्या टेलेमार्क प्रांतात एकोणिसाव्या शतकातच लोक कंबर असलेल्या स्की करीत होते. पुढे १९५०मध्ये हॉवर्ड हेड या विमान-कारखान्यात काम केलेल्या अमेरिकन अभियंत्याने धातूची स्की बाजारात आणली. १९९३च्या सुमारास स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीने कंबर आणखी बारीक केली आणि नवशिक्यांनाही वळणे सोपी झाली.

बाजूने पाहिली तर पारंपरिक स्की मध्यभागी किंचित उचललेली दिसते. याला कॅम्बर म्हणतात. माणूस उभा राहिला की ती दबते आणि वजन टोकापासून शेपटीपर्यंत पसरते, त्यामुळे टणक बर्फावर कड घट्ट धरते. उलट टोक लवकर वर वळवले तर त्याला रॉकर म्हणतात. असे टोक होडीच्या नाळेसारखे ताज्या बर्फावर तरंगते. ऑल-माउंटन स्कीत बहुधा दोन्हींची सांगड असते, पायाखाली कॅम्बर आणि टोकाला रॉकर. आत लाकडाचा गाभा, त्यावर काचतंतूचे थर, काहींत टायटॅनल नावाच्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे, आणि कडेला पोलादी पट्टी. लाकूड आणि लोखंडाचा हा संसार आमच्या सुतार-लोहारांना नवा वाटला नसता.

दुकानातून चाचणीसाठी चार जोड्या मिळाल्या. त्यांच्या कंबरेची रुंदी ७८, ८८, ९८ आणि १०८ मिलिमीटर. आम्ही लव्हलँडला गेलो. आय-७० महामार्गालगतच्या या स्की-क्षेत्राचा पायथाच १०,८०० फुटांवर, म्हणजे आमच्या अस्तंबा शिखराच्या सुमारे अडीचपट उंचीवर आहे. तिथे जिना चढतानाही मला धाप लागे, म्हणून मी पायथ्याच्या उपाहारगृहात वही उघडून बसलो. माझे नियम असे: बूट तेच, उतार तेच, क्रमही तोच. प्रत्येक फेरीनंतर लगेच दहापैकी गुण सांगायचे, आठवून नव्हे. आणि किमतींचा कागद शेवटपर्यंत माझ्या खिशात राहील. महाग वस्तू चांगलीच वाटते, हे कर्जदारांकडून शिकलेले शहाणपण.

पहिल्या दिवशी सकाळी वाट टणक होती. ७८ची जोडी रुळावरून गेल्यासारखी चालली. ८८ने जवळजवळ तशीच साथ दिली. ९८मध्ये धातूचे दोन पूर्ण पत्रे होते. वेगात ती डगमगली नाही, पण उंचवट्यांमधून वळवताना नातीच्या मांड्या भरून आल्या. १०८ टणक थरावर थरथरत राहिली. त्या रात्री बर्फ पडला आणि दुसऱ्या दिवशी सारा हिशेब फिरला. झाडांमधल्या ताज्या बर्फात ७८चे टोक बुडू लागले, ८८ने जेमतेम निभावले, ९८ रमली, आणि १०८वरून नात खाली आली ती हसतच. ‘दहापैकी अकरा लिहा,’ म्हणाली.

बेरीज केली तर ८८ आणि ९८ अगदी खेटून होत्या. पण नुसती बेरीज फसवी असते. मी तिला मागची नोंदवही काढायला लावली. पूर्वीच्या हंगामात ती कोणत्या दिवशी गेली आणि बर्फ कसा होता? बहुतेक दिवस शनिवार-रविवारचे, सपाट केलेल्या किंवा टणक वाटांचे. गुडघाभर ताजा बर्फ क्वचितच. पीककर्ज देताना आम्ही सोळा आणे सालाचा हिशेब धरत नसू. मध्यम सालात शेतकरी हप्ता भरू शकेल का, हे पाहत असू. तोच न्याय इथे लावला.

शिवाय गुडघ्याचा मुद्दा होता. स्की रुंद असली की तिची कड पायाच्या मध्यरेषेपासून दूर जाते. टणक पृष्ठभागावर तिला कलवून धरायला जास्त जोर लागतो, आणि तो घोटा व गुडघ्यालाच पुरवावा लागतो. बूट धरून ठेवणारी बाइंडिंग पडताना सुटते हे खरे. तिचा ताण वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि खेळण्याची पद्धत पाहून जाणकाराकडूनच लावून घ्यायचा असतो. पण ही योजना मुख्यतः नडगीचे हाड वाचवण्यासाठी आहे. गुडघ्याच्या लिगामेंटची हमी ती देत नाही. हे मी सर्वांसमोर वाचून दाखवले, तेव्हा सूनबाई प्रथमच वहीजवळ येऊन बसल्या.

नातीने हरकत घेतली. ‘आजोबा, चांगला दिवस क्वचित येतो, म्हणूनच तो वाया जाऊ नये ना?’ यावर माझ्या वहीत उत्तर नव्हते. तडजोड झाली ती अशी: ८८ची जोडी घ्यायची आणि भरघोस बर्फ पडेल त्या दिवशी रुंद जोडी भाड्याने आणायची. कागद खिशातून बाहेर आला, तेव्हा ८८ची किंमत चारांत तिसरी निघाली.

आपल्याकडची मुलेही आता गुलमर्ग आणि औलीला स्की शिकायला जातात. गुलमर्गजवळच्या तंगमर्गचा आरिफ खान २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. नवशिक्यांनी खरेदीच्या भानगडीत पडू नये. भाड्याची जोडी पुरते. उभी धरली तर हनुवटीच्या आसपास येणारी, अरुंद आणि मऊ जोडी मागावी. कडेवर नख ओढून पाहावे. नखाचा कीस निघाला तर धार आहे. बूट मात्र घट्ट हवा, कारण पायाचा हुकूम बुटातूनच स्कीपर्यंत पोहोचतो. आणि बाइंडिंगसाठी वजन विचारले तर लाजून कमी सांगू नये.

बर्फाचाही आता भरवसा उरलेला नाही. जानेवारी २०२४मध्ये ऐन हंगामात गुलमर्गची कुरणे बहुतांश उघडी होती. फेब्रुवारी २०२५मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. बर्फ असा लहरी झाल्यावर वाईट दिवसातही साथ देणाऱ्या जोडीची किंमत वाढणार, हे सांगायला तज्ज्ञ नको.

नात त्या मोसमात पुन्हा उतरली. पहिल्या दिवशी सूनबाई पायथ्याशी थंडीत तीन तास उभ्या होत्या. त्यानंतर त्यांनी उभे राहणे सोडले. हल्ली हिवाळ्यात त्यांचा फोन येतो, तेव्हा त्या गुडघ्याविषयी बोलत नाहीत. रात्री बर्फ किती पडला आणि सकाळी वाट टणक होती की मऊ, एवढे सांगतात. मी तळोद्यात पंख्याखाली बसून ते वहीत टिपून ठेवतो.