चेक-इन कुलाब्यात, चेकमेट रूम सर्व्हिसला!

कुलाबा-फोर्टात हॉटेल बुक केलंय? झकास! आता रूममधल्या त्या जाडजूड मेन्यूकार्डाकडे ढुंकूनही बघू नका. सँडविचची किंमत वाचून बीपी वाढेल. खरा मेन्यू तर लिफ्टने खाली उतरल्यावर सुरू होतो!

लिओपोल्ड कॅफेचं नाव तर ऐकलंच असेल. पण 1871 साली सुरुवातीला तिथे काय विकायचे, माहीत आहे का? खाद्यतेल! तेही घाऊक. थोडक्यात काय, तेल गेलं, बिअर आली! 26/11च्या दहशतवादी हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा मात्र तिथे आजही जपल्या आहेत. त्या बघताना गप्पा आपोआप थांबतात.

चार पावलांवर कॅफे मोंडेगार. भिंतीभर मारिओ मिरांडा! गोव्याच्या या अवलियाने रंगवलेली मंडळी टेबलावरच्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त मजेत दिसतात. तिथला ज्यूकबॉक्सही फेमस.

आता जरा 'चिअर्स' म्हणण्याआधी थांबा. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, माहीत आहे का? 1949च्या दारूबंदी कायद्याची ही कृपा. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना फक्त 5 रुपयांचा! सोबतच्या चखण्यापेक्षा स्वस्त! वयाची अट मात्र कडक. बिअरला 21, हार्ड ड्रिंकला 25. म्हणजे इथे मतदान 18व्या वर्षी, मुलाचं लग्न 21व्या वर्षी आणि व्हिस्की थेट पंचविशीत. आमच्या मते एवढा पेशन्स बघून पहिला पेग सरकारनेच पाजायला हवा!

ताजमहाल पॅलेस उघडलं 1903 मध्ये. त्यातला हार्बर बार 1933चा, आणि शहरातला पहिला परवानाधारक बार आपलाच, असं ताजवाले अभिमानाने सांगतात. खिशाला झेपत नसेल तर मागच्या गल्लीत वळा. तिथे 1946पासून बडेमियाँचे सीख कबाब धुराचा परफ्यूम मारत उभे आहेत. इथे गाडीच्या बॉनेटचंही डायनिंग टेबल होतं! पुढून फाइव्ह स्टार, मागून फुल्ल चार्ज.

दुपारी बॅलार्ड इस्टेट. ब्रिटानिया अँड कंपनी, स्थापना 1923. बेरी पुलावातल्या त्या आंबटगोड लाल बेरी इराणच्या. सोबत पालनजींचा रास्पबेरी सोडा घ्या, म्हणजे बेरीची बेरीज पूर्ण! पण भूक रात्रीसाठी राखून ठेवू नका. हे दुकान दुपारच्या जेवणाचं.

ब्रेकफास्ट? धोबीतलावचं कयानी, 1904पासून. खिमा-पाव, ब्रून मस्का, मावा केक. हॉटेलचा बुफे फुकट असला तरी आमचं मत कयानीलाच.

आणि हे माहीत आहे का? चिकन मंच्युरियनचा मंच्युरियाशी काडीचाही संबंध नाही! 1975च्या सुमारास नेल्सन वँग यांनी ते बनवलं चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात. पहिल्याच बॉलवर सिक्सर!

या क्लबच्याच ब्रेबॉर्न स्टेडियमच्या इमारतीत के. रुस्तम. दोन पातळ वेफर्स, मध्ये आइस्क्रीमची जाड वडी. सेल्फी नंतर काढा, आधी खा. मुंबईचा उकाडा फोटोसाठी थांबत नाही!