हेवी मेटल : पोलादाचा षड्ज-पंचम

दसरा उलटतो, बोंडे फुटतात, कापसाच्या गाड्यांची रीघ जिनांच्या फाटकांशी लागते, आणि एकदा का सरकी वेगळी करणारे रेचे सुरू झाले, की यवतमाळ, राळेगाव, पांढरकवडा, वणी या गावांच्या कडेला राहणाऱ्या माणसाला पुढले कित्येक महिने एका अखंड घरघराटाच्या सोबतीने दिवस काढावे लागतात. प्रथमच जिनाच्या दाराशी उभ्या राहिलेल्या पाहुण्याला त्यात गोंगाटापलीकडे काही आढळत नाही. परंतु ज्याची सारी हयात त्या आवारात गेली, असा एखादा जुना फिटर डोळे मिटून सांगू शकतो, की तिसऱ्या रेच्याचा चामडी रूळ झिजला आहे, पाचव्याच्या सुरीशी सरकी अडकली आहे, आणि पलीकडचा मात्र अगदी लयीत चालला आहे. माझे बालपण अशाच एका जिनाच्या भिंतीलगत गेले. गोंगाट आणि नाद यांतले अंतर पुष्कळदा ऐकणाऱ्याच्या परिचयावर अवलंबून असते, हा धडा मला तेथे कोणी न शिकवता मिळाला. आणि पुढे घरातील तरुण मंडळींमुळे हेवी मेटल नावाचे पाश्चात्त्य संगीत कानी पडू लागले, तेव्हा तोच कामी आला.

शिक्षणासाठी आमच्याकडे राहिलेला घाटंजीकडचा एक भाचा मध्यंतरी म्हणाला, “मामा, एवढे लोकं आयकतात म्हणजे त्यात काही तरी असनच, पण मले सुरुवात कोठून करायची तेच समजत नाही.” त्याची अडचण रास्त होती. गेल्या अर्धशतकात या संगीताच्या इतक्या शाखा-उपशाखा फुटल्या आहेत, की नवख्याने भलत्याच दारातून आत शिरावे आणि घाबरून परत फिरावे, हेच बहुधा घडते. त्याला तोंडी जी वाट सांगितली, तीच येथे जरा विस्ताराने मांडतो.

या संगीताच्या जन्मदाखल्यावर गाव बर्मिंगहॅम असेच लिहावे लागेल. इंग्लंडातील त्या कारखानदारीच्या शहरात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस भरत असताना यंत्रात हात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच, आणि गिटारवादक होण्याची त्याची उमेद त्या क्षणी संपल्यातच जमा होती. परंतु कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका आणून ऐकवली. भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांनी वाजवणारा तो युरोपातला थोर गिटारवादक. मग या मुलाने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडवली, त्यांवर चामडे चिकटवले, बोटांना झेपतील अशा पातळ तारा लावल्या, आणि पुढे त्या तारा सैल सोडून वाद्याची पट्टीच खाली उतरवली. त्याच्या बँडच्या १९७१ सालच्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या अल्बमात कित्येक गाण्यांची पट्टी नेहमीपेक्षा दीड स्वराने खाली आहे. आज ज्या खर्जातल्या, जड, जमिनीतून उमटल्यासारख्या आवाजाने हे संगीत ओळखले जाते, त्याच्या मुळाशी एका कामगाराच्या तुटलेल्या बोटांनी काढलेली ही तोड आहे. जिनात रेच्याशी, वणीच्या कोळसाखाणीत यंत्राशी रोज हात घालणाऱ्या माणसांच्या जिल्ह्यात ही हकीगत परकी वाटू नये.

आयोमीच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये निघाला. बँडचे आणि अल्बमचे नाव एकच, आणि त्याचे जवळजवळ सारे ध्वनिमुद्रण एका दिवसात उरकलेले. वाट येथूनच सुरू करावी. पहिल्या गाण्याच्या प्रारंभी पाऊस पडत असतो, दूरवर चर्चची घंटा वाजते, ढग गडगडतात, आणि मग गिटारवर तीनच स्वर येतात : मंद्र षड्ज, त्याच्या वरचा षड्ज, आणि तेथून खाली उतरून तीव्र मध्यमावर केलेला कंप पावणारा मुक्काम. षड्ज आणि तीव्र मध्यम यांमधल्या या अंतराला जुन्या युरोपीय संगीतशास्त्रात ‘संगीतातला सैतान’ असे नाव होते, इतके ते त्यांच्या कानांना अस्वस्थ करी. आपल्याला तेच अंतर यमनात रोज भेटते. तेथे गंधार आणि पंचम त्याला दोहों बाजूंनी सांभाळून घेतात, म्हणून ते प्रसन्न भासते. मारव्यात मात्र पंचम वर्ज्य, ऋषभ कोमल. त्यामुळे सूर्यास्ताच्या वेळची ती हुरहुर उभी राहते. ब्लॅक सॅबथने त्या तीव्र मध्यमाला कोणताच आधार दिला नाही, त्याला उघड्यावर उभे केले. ज्याने मारवा मन लावून ऐकला आहे, त्याला हे गाणे पहिल्या मिनिटात कळते, असा माझा अनुभव आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरात आलेला ‘पॅरनॉइड’ हा त्यांचा दुसरा अल्बम अधिक सुटसुटीत आहे. ‘वॉर पिग्ज’ हे त्यातील पहिले गाणे युद्ध पुकारणाऱ्या सत्ताधीशांवर आणि रणात मरणाऱ्या गरिबांवर आहे. सैतानाची उपासना करणारे संगीत म्हणून ज्याची बदनामी झाली, त्याच्या आरंभकाळातले हे अतिशय गाजलेले गीत युद्धविरोधी आहे, ही गोष्ट आक्षेप घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. या बँडचे चारही मूळ सभासद ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर शेवटचे एकत्र वाजले, आणि त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, २२ जुलैला, त्यांचा गायक ऑझी ऑस्बॉर्न वारला.

येथे गिटारच्या त्या खरखरीत आवाजाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण नवा श्रोता अडखळतो तो तेथेच. ध्वनिवर्धकाला त्याच्या ऐपतीपेक्षा अधिक जोराचा संकेत दिला, की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर उफाळून वर येतात. आवाज दाट, भरीव आणि करकरीत होतो. असल्या आवाजात तीन-चार निरनिराळे स्वर एकत्र छेडले तर त्यांचा चिखल होतो, म्हणून हे वादक मुख्यत्वे दोनच स्वर एकत्र धरतात, षड्ज आणि पंचम. आता तानपुऱ्याचा विचार करा. त्याच्या तारांवर बहुधा हीच जोडी लावलेली असते, आणि घोडीवर तारेखाली बारीक दोरा सरकवून आपण जी जवारी काढतो, तीही मूळ स्वरातले उपस्वर जागवण्यासाठीच असते. साधने निराळी, तीव्रतेत जमीन-अस्मानाचे अंतर. पण शुद्ध, एकाकी स्वरापेक्षा उपस्वरांनी गजबजलेला स्वर अधिक श्रीमंत वाटणे, ही कानाची ओढ दोहोंकडे एकच. जवारीवर वाढलेल्या कानाने या आवाजाला परका मानण्याचे कारण नाही.

जुडास प्रीस्ट हाही बर्मिंगहॅमच्याच परिसरातला बँड. त्यांच्या ‘ब्रिटिश स्टील’ या १९८० सालच्या अल्बमाचे नाव ज्या सरकारी पोलाद-महामंडळावरून आले, त्यात त्यांचा गिटारवादक ग्लेन टिप्टन पूर्वी नोकरीला होता. त्यातल्या एका गाण्यात यंत्रमानवांच्या पावलांचा आवाज हवा होता, तेव्हा या मंडळींनी काट्या-चमच्यांचे तबक घेऊन ते हलवले आणि तेच ध्वनिमुद्रित केले. गाणी आटोपशीर, चाली चटकन तोंडात बसणाऱ्या. ज्यांना लांबण सोसत नाही त्यांनी सॅबथनंतर हेच घ्यावे.

आयर्न मेडनविषयी मात्र मला घाई करवत नाही. लंडनच्या या बँडचा ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ हा १९८२ सालचा अल्बम आणि पुढल्या वर्षीच्या ‘पीस ऑफ माइंड’मधील ‘द ट्रूपर’ हे गाणे पोवाडा ऐकत वाढलेल्या माणसाच्या अंगावर रोमांच उभे करील. १८५४ सालच्या क्रिमियन युद्धातील एका आत्मघातकी घोडदौडीचे ते वर्णन असून, स्टीव्ह हॅरिसच्या बास गिटारची लय साक्षात टापांची लय आहे, आणि वर दोन गिटारी एकमेकींना धरून चाल गातात. ‘रन टू द हिल्स’ या गाण्यात अमेरिकेचे मूळ रहिवासी आणि त्यांची भूमी बळकावणारे गोरे, अशा दोन्ही बाजूंनी कथा येते. झरी-जामणी, केळापूरकडील गोंड आणि कोलाम पाड्यांच्या शेजारी ज्यांची हयात गेली आहे, त्यांना ते निव्वळ परदेशी गाणे वाटणार नाही. हा बँड १७ मार्च २००७ रोजी बंगळूरला आणि १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईला वाजून गेला. मुंबईचा कार्यक्रम त्यांच्या जगदौऱ्याचा पहिला होता, आणि त्या दौऱ्याचे विमान त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवीत असे.

अमेरिकेच्या मेटॅलिकाने या संगीताला वेग दिला. १९८६ सालचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हा त्यांचा सर्वोत्तम अल्बम होय, असे माझे मत आहे. शीर्षकगीत व्यसनावर आहे, व्यसनच तेथे मालक होऊन बोलते. ज्यांना आरडाओरडा नको असेल त्यांनी याच अल्बमातले ‘ओरायन’ ऐकावे. त्यात गायन नाही, आणि बास गिटारवर क्लिफ बर्टनने जो विस्तार केला आहे तो शांतपणे बसून ऐकण्याजोगा आहे. तो अल्बम निघून सात महिनेही झाले नव्हते, तोच स्वीडनमध्ये बसच्या अपघातात हा गुणी वादक दगावला. सोपी वाट हवी असेल तर १९९१ सालचा, काळ्या वेष्टनाचा ‘मेटॅलिका’ आहेच.

आता घराकडे वळू. मुंबईत धोबीतलावाजवळच्या रंगभवनात इंग्रजी रॉकचे कार्यक्रम होत, आणि १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला. पुढे शांतता-क्षेत्राच्या निर्बंधांमुळे रंगभवनाचे दार बंद झाले. त्याच मुंबईत २००० साली साहिल मखिजा याने डेमॉनिक रिझरेक्शन हा बँड उभा केला. त्यांच्या २०१७ सालच्या अल्बमाचे नाव ‘दशावतार’. दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराला एक. शब्द इंग्रजी, पण भारतीय वाद्यांचे स्वर गिटारच्या जोडीला आलेले. यातले नरसिंहाचे गाणे प्रथम ऐकावे, असे मी सुचवीन, आणि त्याला कारण आहे. या शाखेतले गायक घशातून जो गुरगुराट काढतात, तो नवख्याला असह्य वाटतो. वस्तुतः स्वरतंतूंच्या वर असणाऱ्या दुसऱ्या घड्या कंपित करून तो काढावा लागतो, त्याला रियाझ लागतो, आणि तिबेटी भिक्षूंच्या खर्जातल्या पठणातही त्याच घड्यांचे काम असते. तो आवाज कोणाच्या मुखी शोभेल, असे विचाराल, तर खांब दुभंगून बाहेर पडणाऱ्या, धड मनुष्य नव्हे आणि धड सिंह नव्हे अशा देवाच्या मुखी. आपल्याकडील दंडारीत किंवा कोकणच्या दशावतारी खेळात सोंग आले, की पात्राचा आवाज पालटतोच. हा पालट त्याच जातीचा समजावा.

माझ्या परिचयातील काही वडीलधारी मंडळी विचारतात, की एवढे मरण, एवढा काळोख, एवढा संताप संगीतात कशाला? भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले. त्यांपैकी वीर, रौद्र, भयानक आणि बीभत्स हे चार, म्हणजे निम्मे. आपल्या सुगम संगीताने शृंगार आणि करुण यांची उत्तम मशागत केली, भक्तीची तर केलीच. या चौघांना मात्र त्याने बव्हंशी पडीक ठेवले. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या तोरणाखाली सावकाराचे नाव घेऊन झडत्या घुमवणाऱ्या मुलखाला रौद्राची गरज मी समजावून सांगावी, असे नाही. मुंबईतल्या एका बँडने तर ‘भयानक मौत’ असेच नाव धारण केले आहे; त्यांचा २०१४ सालचा ‘मॅन’ हा अल्बम कसदार आहे, परंतु तो वर्षभराच्या सरावानंतर घ्यावा, आधी नव्हे. बंगळूरच्या क्रिप्टॉसचा ‘बर्न अप द नाइट’ जुन्या आयर्न मेडनच्या वळणाचा आणि म्हणून सुलभ. तर दिल्लीच्या ब्लडीवूडचा ‘रक्षक’, २०२२ सालचा, ढोल, बासरी आणि हिंदी-पंजाबी शब्दांसह येतो. भाच्याला सर्वांत आधी तोच आवडला, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

ऐकण्याची रीत तेवढी सांभाळावी. एका बैठकीत एकच अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, क्रम न मोडता. आवाज बेताचा ठेवावा, विशेषतः कानात यंत्र घालून ऐकताना, कारण जिनातल्या कित्येक जुन्या कामगारांना पन्नाशीत ऐकू येईनासे झालेले मी पाहिले आहे. आणि ज्यांच्या घरी तानपुरा असेल, त्यांना माझी विनंती आहे, की एखाद्या पावसाळी संध्याकाळी तो षड्ज-पंचमात जुळवून, जवारी नीट काढून, दहा मिनिटे नुसता छेडीत बसावे. मग तो गवसणीत ठेवून ब्लॅक सॅबथचे पहिले गाणे लावावे.